लेबलवर काय लिहिलं, काय गाळलं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



संयोजकांनी आम्हा काही जणांना सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपापल्या नोकरीधंद्यातलं, सगळ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी थोडक्यात सांगायचं. माझ्या आधी आपल्या डॉक्टरमित्रानं गुडघ्यांविषयी सांगितलं, बँकेतल्या मैत्रिणीनं मृत्युपत्र आणि नॉमिनी यांतला फरक समजावला. मी माझा विषय कळवला तेव्हा मात्र लगेच फोन आला, "अगं, शाळेच्या सभागृहात व्हिस्की?" मी म्हटलं, व्हिस्की नाही रे, व्हिस्कीच्या बाटलीवरचा कागद. आणि कागद नीट वाचायला तर आपल्याला याच इमारतीत शिकवलं.

बऱ्याच जणांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. एम.एस्सी. झाल्यावर मी एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत लागले आणि ३१ वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. लग्न जमवायच्या काळात आमचे वडील येणाऱ्या पाहुण्यांना "केमिकलच्या कंपनीत आहे" एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. आजचा माझा विषयही असल्या अर्ध्या खऱ्याचाच आहे.

मी स्वतः पीत नाही. आमच्याकडे नमुना तपासताना पाणी घालून तो साधारण २० टक्क्यांवर आणतात आणि मुख्यतः वास घेतात. चव घेतलीच तर थुंकून टाकतात. तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये, आणि माझं ऐकून कोणी सुरुवातही करू नये. आपल्या राज्यात त्यासाठी परवाना लागतो आणि वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. दुसरी अट आपण सगळ्यांनी कधीच ओलांडली आहे, पण पहिली आहेच!

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत लेबलांचे मसुदे माझ्या टेबलावर यायचे. प्रत्येक शब्द नियमात बसतो की नाही, हे बघायचं. ते करताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. लेबलवर धडधडीत खोटं फार क्वचित छापलेलं असतं. गिऱ्हाइकाची फसगत होते ती न छापलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यांच्या जागी छापलेल्या चित्रांमुळे. दारू गाळतात हे आपल्याला ठाऊक असतं. लेबलही गाळलेलं असतं, हे ठाऊक नसतं.

पुढच्या बाजूला काय असतं? शिंगं उगारलेलं हरीण, धुक्यातला किल्ला, चौकड्यांचं स्कॉटिश कापड. खाली 'रॉयल', 'रिझर्व्ह', 'प्रीमियम' असे वजनदार शब्द. यांतल्या कुठल्याही शब्दानं आत काय आहे याची हमी मिळत नाही. खुद्द स्कॉच व्हिस्कीच्या नियमांतही 'रिझर्व्ह' म्हणजे अमुक इतकी वर्षं, असं काही ठरलेलं नाही.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या आठवून बघा. तपकिरी काचेवर पांढरी चिठ्ठी. द्रावणाचं नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख. विज्ञानाच्या बाई सांगायच्या, ओतताना चिठ्ठी तळहाताकडे धरा, म्हणजे ओघळ चिठ्ठीवर येऊन अक्षरं पुसणार नाहीत. ती बाटली काही रुपयांची होती. दुकानातली हजारांची बाटली मात्र तिच्यापेक्षा कमी सांगते. म्हणून मी बाटलीला पाच प्रश्न विचारते. ते आज तुमच्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न, कशापासून केली?

आपलं गाव साखर कारखान्याचं. वारा फिरला की मळीचा वास वर्गात यायचा, तो कोणी विसरला नसेल. आता गंमत बघा. युरोपात व्हिस्की म्हणायचं तर ती धान्यापासूनच केलेली असावी लागते. बार्ली, मका, गहू, राय, काहीही, पण धान्य. आपल्याकडच्या नियमांत मळीपासून काढलेल्या स्पिरिटच्या पेयालाही व्हिस्की म्हणता येतं. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अनेक देशी व्हिस्क्यांत मुख्य भाग असतो तो शुद्ध, जवळजवळ बिनवासाच्या स्पिरिटचा. ते कधी मळीचं असतं, कधी धान्याचं. त्यात थोडं माल्ट स्पिरिट, थोडा रंग, थोडा स्वाद. म्हणूनच आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारी मळीची बाटली युरोपात त्या नावानं विकता येत नाही.

मळीचं स्पिरिट वाईट असतं असं मी म्हणत नाही. नीट शुद्ध केलं तर ते स्वच्छच असतं, आणि रम तर उसापासून, मळीपासूनच होते. माझं म्हणणं एवढंच, की ज्वारीची भाकरी म्हणून तांदळाची वाढली तर जेवणाऱ्याला कळलं पाहिजे. मळी की धान्य, आणि माल्ट किती टक्के, एवढं बाटलीवर ठळक असायला काय हरकत आहे?

नुसत्या एका शब्दानं किती फरक पडतो, याचं स्कॉटलंडमधलंच एक उदाहरण. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून केलेली. २००३ मध्ये डियाजिओ या बड्या कंपनीनं आपल्या 'कार्डू' या सिंगल माल्टचा साठा पुरेना म्हणून त्यात दुसऱ्या डिस्टिलरींचं माल्ट मिसळायचं ठरवलं. नाव तेच, बाटली जवळपास तशीच, फक्त 'सिंगल माल्ट'च्या जागी 'प्युअर माल्ट'. ऐकायला तर 'प्युअर' जास्तच चांगलं वाटतं! पण धंद्यातल्याच इतर कंपन्यांनी एवढा गहजब केला की पुढच्या वर्षी तो माल मागे घ्यावा लागला. २००९ च्या स्कॉच नियमांनी 'प्युअर माल्ट' हे शब्दच बाद केले. अशा मिश्रणाला आता 'ब्लेंडेड माल्ट' म्हणावं लागतं.

दुसरा प्रश्न, कुठे केली?

हा प्रश्न आपल्याला कोणी शिकवायला नको. दर उन्हाळ्यात 'देवगड' छापलेल्या पेटीतून कर्नाटकातला आंबा घरी येतो, आणि पहिली फोड खाल्ल्यावर कळतं. त्यासाठीच तर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला हापूसच्या बाबतीत जे वाटतं, तेच स्कॉटलंडच्या लोकांना स्कॉचच्या बाबतीत वाटतं.

यावरून आपल्याकडे एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगळुरूच्या खोडे कंपनीची 'पीटर स्कॉट' नावाची व्हिस्की १९६८ पासून बाजारात होती. या नावामुळे गिऱ्हाइकाला ही स्कॉच वाटेल, अशी स्कॉच व्हिस्की असोसिएशनची तक्रार. २००८ मध्ये निकाल खोडेंच्या बाजूनं लागला. एक कारण असं, की असोसिएशनला १९७४ मध्येच हे नाव ठाऊक झालं होतं, आणि नोंदणीविरुद्ध अर्ज केला १९८६ मध्ये. दुसरं कारण मला जास्त विचार करायला लावणारं वाटतं. असली व्हिस्की घेणारा माणूस जाणकार असतो, तो नावाला सहज फसत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

उलट जर्मनीतला खटला बघा. तिथल्या एका छोट्या डिस्टिलरीनं आपल्या व्हिस्कीचं नाव 'ग्लेन बुखेनबाख' ठेवलं होतं. लेबलवर 'जर्मन उत्पादन' असं स्पष्ट छापलेलं होतं. तरीही प्रकरण युरोपीय न्यायालयात जाऊन आलं, आणि २०१९ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयानं 'ग्लेन' हा शब्द वापरायला मनाई केली. तो शब्द वाचला की माणसाच्या मनात स्कॉटलंडच उभं राहतं, असा त्यामागचा विचार.

एका न्यायालयानं गिऱ्हाइकाला जाणकार मानलं, दुसऱ्यानं साधा माणूस. इतकी वर्षं लेबलं तपासून माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. लेबल जाणकारासाठी नसतंच. जाणकार लेबलाशिवायही ओळखतो. लेबल असतं ते आपल्यासारख्यांसाठी, पुतण्याच्या लग्नात कोणाला तरी भेट द्यायची म्हणून दुकानात अवघडून उभं राहणाऱ्यासाठी.

आणि हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. जपानी व्हिस्कीचा एवढा बोलबाला, पण परदेशातून पिंपांनी आणलेली व्हिस्की बाटलीत भरून 'जपानी' म्हणून विकायला तिथे कित्येक वर्षं कायद्याची आडकाठी नव्हती. २०२१ मध्ये तिथल्या उत्पादक संघटनेनं स्वतःच नियम केला, की गाळणं जपानमध्ये, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरणं जपानमध्ये, आणि बाटलीत भरणंही जपानमध्येच. त्या वेळी निक्का कंपनीनं आपल्या कोणत्या व्हिस्क्या या व्याख्येत बसत नाहीत, हे आपणहून जाहीर केलं. त्यांचा धंदा काही त्यानं बुडाला नाही.

तिसरा प्रश्न, किती वर्षं मुरली?

बाटलीवर '१२ वर्षं' लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. स्कॉचच्या नियमाप्रमाणे तो आकडा मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. सरासरी नव्हे, सगळ्यात जुनीचाही नव्हे. ९९ लिटर ३ वर्षांची आणि १ लिटर ४० वर्षांची एकत्र केली, तर लिहायचे ३. नियम चांगला आहे. नाहीतर चमचाभर म्हातारी व्हिस्की घालून ४० चा आकडा मिरवणारे निघालेच असते.

पण याच नियमाची दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये लंडनच्या कंपास बॉक्स या छोट्या कंपनीनं आपल्या दोन व्हिस्क्यांत कोणती किती टक्के आणि किती वर्षांची, हे सगळं जाहीर केलं. हे नियमात बसत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. वय सांगायचं तर फक्त सर्वांत तरुण व्हिस्कीचं, बाकीच्यांची वयं सांगायचीच नाहीत! म्हणजे कमी सांगितलं तर चालतं, सगळं खरं सांगितलं तर नाही. त्यांनी पुढच्या वर्षी कायदा बदलावा म्हणून मोहीम काढली, आणि एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलंच तर त्याला माहिती द्यायची, असा मार्ग काढला. आयला बेटावरच्या ब्रुकलॅडीनंही त्याच सुमारास एका व्हिस्कीच्या बाटलीवर क्रमांक छापून, तो टाकला की त्या घाण्याचा सगळा तपशील दिसेल अशी सोय केली.

माझं मत विचाराल तर नियमाला एक ओळ जोडावी. वयं सांगायची असतील तर सगळ्यांची सांगा, टक्केवारीसकट. म्हणजे चमचाभराची फुशारकीही चालणार नाही आणि खरं सांगणाऱ्याचं तोंडही बंद होणार नाही.

वयाबरोबर ठिकाणही बघायला हवं. लाकडी पिंपात व्हिस्की मुरत असताना दरवर्षी थोडी उडून जाते. तिला म्हणतात देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. बंगळुरूत तो १० ते १२ टक्क्यांपर्यंत जातो, कारण उष्णतेत सगळंच भराभर घडतं. व्हिस्की लाकडातून रंग आणि चव लवकर ओढून घेते. २००४ मध्ये ग्लासगोत पहिल्यांदा विकायला ठेवलेल्या 'अमृत'नं पुढे ८ वर्षं मुरवलेली व्हिस्की काढली, तेव्हा तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरट देवदूत, असं ठेवलं. गोव्यात कुंकळ्ळीला होणाऱ्या 'पॉल जॉन'चीही हवामानाची तीच कथा. त्यामुळे इथली ६ वर्षं आणि तिथली १२ वर्षं यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करू नये. कोकणातला आंबा आणि काश्मीरचं सफरचंद एकाच महिन्यात पिकत नाहीत, तसंच हे.

चौथा प्रश्न, वरून काय घातलं?

गडद सोनेरी रंग दिसला की आपण समजतो, जुनी असणार. दर वेळी तसं नसतं. स्कॉचमध्येही पाण्याखेरीज एक गोष्ट घालायला परवानगी आहे, ती म्हणजे साधा कॅरामल रंग, साखर जाळून केलेला. प्रत्येक घाणा सारखा दिसावा म्हणून तो घालतात, असं सांगतात. ते खरंही आहे. पण रंगानं वयाचा भास होतो, हेही तितकंच खरं. जर्मनीत असा रंग घातला असेल तर बाटलीवर तसं लिहावं लागतं. म्हणजे त्याच व्हिस्कीच्या तिथल्या बाटलीवर एक ओळ जास्त असते. ती ओळ छापल्यानं जर्मनीत स्कॉच खपायची थांबली नाही. मग ती सगळीकडे का नको?

पाचवा प्रश्न, नशा आणणारा भाग किती?

आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो. शेजारी '७५ अंश प्रूफ' आणि '२५ यू.पी.'. यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे, अंडर प्रूफ! जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे पाऊणपट करा, ४२.८ येतात. गणिताचे सर माना डोलावताहेत, म्हणजे बरोबर असावं. इंग्रज गेले, त्यांनी स्वतः ते माप सोडलं, आपल्या बाटलीवर मात्र ते अजून आहे. किती जणांना कळतं?

आता मी उपयोगाचं गणित सांगते. ६० मिलीलिटरचा एक मोठा पेग. त्याचे ४२.८ टक्के म्हणजे सुमारे २५.७ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. वजनात ते सुमारे २० ग्रॅम. १८० मिलीलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. ब्रिटनमधल्या बहुतेक बाटल्यांवर हे 'युनिट'मध्ये छापलेलं असतं. ७०० मिलीलिटरच्या ४० टक्क्यांच्या बाटलीवर '२८ युनिट' दिसतं, आणि एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम.

आपल्या तुकडीतला एक जण आज इथे नाही. का नाही, हे आपल्याला माहीत आहे. मी नाव घेत नाही, त्याच्या घरचे या मेळाव्याला आले आहेत आणि त्यांचं येणं मला फार मोठं वाटतं. तो नेहमी म्हणायचा, "मी रोज फक्त दोनच घेतो." दोन मोठे पेग म्हणजे रोजचे ४० ग्रॅम, आठवड्याचे २८० ग्रॅम. तेही मापानं ओतले तर. घरी कोण मापानं ओततो? लेबलवर आकडा असता तर तो थांबला असता, असा दावा मी करणार नाही. पण 'दोनच' या शब्दात जे लपतं, ते '४० ग्रॅम'मध्ये लपत नाही. निदान त्याच्या बायकोला, मुलांना, डॉक्टरला बोलायला एक आकडा मिळाला असता.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी १ एप्रिल २०१९ पासून बाटलीवर इशारा सक्तीचा केला, की मद्यपान आरोग्याला अपायकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका. चांगलं झालं. पण अक्षरांची उंची बघा. २०० मिलीलिटरच्या वरच्या बाटलीवर किमान ३ मिलीमीटर, त्याखालच्या बाटलीवर किमान दीड मिलीमीटर. इशारा इंग्रजीत, राज्याला हवं असेल तर स्थानिक भाषेत. म्हणजे रोजंदारीवरचा माणूस संध्याकाळी जी क्वार्टर घेतो, तिच्यावर सगळ्यात बारीक अक्षरं, आणि तीही बहुधा त्याला न येणाऱ्या भाषेत. आयर्लंड हे तर व्हिस्कीचं माहेर. त्या देशानं २०२३ मध्ये कर्करोगाच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख बाटलीवर हवा असा नियम मंजूर केला. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण नियम झाला हे महत्त्वाचं.

तर मंडळी, मागणी एवढीच. मागच्या लेबलवर पाच ओळी, वाचता येतील अशा अक्षरांत, ज्या राज्यात विकायची तिथल्या भाषेत. कशापासून, कुठे, किती वर्षं, वरून काय, आणि पेगला किती ग्रॅम. हरीण आणि किल्ला पुढच्या बाजूला खुशाल राहू द्या.

कंपन्या म्हणतील, जागा नाही. ३१ वर्षं मी लेबलं बघितली आहेत. सोनेरी वेलबुट्टीला जागा कधी कमी पडलेली मला आठवत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. बाटली स्वतःसाठी घ्या, भेट म्हणून द्या, किंवा घरात कोणी आणलेली दिसू दे, ती फिरवून मागची बाजू वाचा. तिथे नसेल ते दुकानदाराला विचारा, कंपनीला विचारा. तेल, तूप, बिस्किटांच्या पुड्यावरचं मागचं बारीक अक्षर आपल्या पिढीनंच वाचायला सुरुवात केली, आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं की छापणाऱ्याला छापावं लागतं, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं. या शाळेतून निघालेल्या माणसानं बाटलीच काय, कुठलीही वस्तू न वाचता विकत घेऊ नये, एवढं मला वाटतं.

 चहा तयार आहे असं मागून खुणावताहेत. त्याच्या पुड्यावर काय लिहिलंय ते मी मघाशीच वाचून आले आहे!